कासच्या फुलांचा गुच्छ कापडावर: कोणत्या फुलाला कोणता टाका

साताऱ्याहून पश्चिमेला वर चढत गेलं की साधारण पंचवीस किलोमीटरवर कासचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, लागतो. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं पुढेमागे फुलत राहतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथलं फूल तोडायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम असतो. यातली बरीच झाडं एका पावसाळ्यापुरती जगतात, त्यामुळे यंदा बी पडलं तरच पुढच्या वर्षी फूल दिसतं. कासच्या फुलांचा गुच्छ हवा असेल तर सुई-दोरा हाच एक रस्ता आहे.

बाजारातल्या छापील नमुन्यांवरचे गुच्छ बहुतेक एकसारखे दिसतात, कारण प्रत्येक फुलाला तोच लेझी डेझीचा, म्हणजे सुट्या साखळीचा टाका आणि मधे तीच फ्रेंच नॉट, म्हणजे दोऱ्याची गाठ असते. रंग बदलतो, फूल बदलत नाही. इथे उलट करायचं आहे. आधी फुलाची ठेवण बघायची आणि मग टाका ठरवायचा. गेंदाचं बोंड दाणेदार असतं, म्हणून त्याला गाठी. तेरड्याच्या पाकळीवर रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून लांब-आखूड टाका. निळ्या आभाळीला तंतूंचा झुपका असतो, म्हणून कापलेले फासे. एकदा हे डोक्यात बसलं की नमुन्याचं पुस्तक नसलं तरी अडत नाही.

खाली दिलेली मापं आठ इंची रिंगमधल्या गुच्छाची आहेत. गुच्छ साडेसहा इंच उंच आणि पाच इंच रुंद बसतो. रोज तास-दीड तास बसलात तर तीन आठवडे धरून चला.

सामान

कापड: कॅसमेंट सगळ्यात बरं. ते घट्ट विणलेलं असतं, रिंगमध्ये ताण धरतं आणि बारीक टाक्यालाही आधार देतं. केम्ब्रिक चालेल, पण त्याच्या मागे पातळ मलमलचं अस्तर जोडून घ्या. मॅटी घेऊ नका. ती क्रॉस स्टिचसाठी असते, तिच्या भोकांत सॅटिन टाक्याची, म्हणजे खेटून घातलेल्या सपाट सरळ टाक्यांची कड दातेरी येते. चौदा इंच चौरस तुकडा पुरतो.

रंगाबाबत एक गोष्ट आधीच ठरवा. गेंद पांढरा आहे, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र कापडावर तो दिसणारच नाही. मोतिया, फिकट पिस्ता किंवा न धुतलेल्या मांजरपाटाचा मातकट रंग घ्या. साताऱ्याच्या खण आळीत किंवा कुठेही कापड निवडताना पांढऱ्या दोऱ्याची लडी सोबत ठेवा आणि कापडावर टाकून बघा. दोन हातांवरून दोरा स्पष्ट दिसला तरच ते कापड घ्या.

दोरे: मुख्य काम सहापदरी सुती दोऱ्याचं. एका लडीत आठ मीटर दोरा असतो आणि सहा पदर सुटे केले की एकेरी अठ्ठेचाळीस मीटर होतो, म्हणून या मापाच्या गुच्छाला प्रत्येक रंगाची एकच लडी भरपूर होते. रंग असे लागतील: लिंबू पिवळा, हळदी पिवळा, नारिंगीकडे झुकणारा तपकिरी, फिकट-मध्यम-गडद असे तीन गुलाबी, निळसर जांभळा, गडद जांभळा, आभाळी जांभळा, पांढरा, फिकट राखाडी, लाल आणि तीन हिरवे (पोपटी, मध्यम, काळपट). सोनकीच्या देठांना आणि बांधणीला आठ नंबरचा पर्ल कॉटन घ्या. तो गोल पिळाचा असतो आणि त्याचे पदर सुटे करायचे नसतात. तेरड्यासाठी जमल्यास गुलाबी रंग रेशमात घ्या. बाकी गुच्छ सुती आणि तेरडा तेवढा चमकदार, हा फरक फार शोभतो. जरीचा मोह टाळा, पावसात भिजलेल्या सड्यावरच्या फुलांशी तिचा सूर लागत नाही.

जांभळे आणि निळे रंग दिवसाच्या उजेडातच निवडा. दुकानातल्या ट्यूबखाली आभाळी जांभळा आणि निळसर जांभळा सारखेच वाटतात आणि घरी आल्यावर भलतेच निघतात. लडीवरची कागदी पट्टी फेकू नका. शेड नंबर तिच्यावरच असतो.

सुया: एकेरी आणि दुहेरी पदराला नऊ नंबर, तीन पदरांना सात नंबर, पर्ल कॉटनला पाच नंबर. बुलियनसाठी, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन केलेल्या लांबट टाक्यासाठी, मात्र मिलिनर सुई लागते. तिचं नेढं दांड्याइतकंच जाड असतं, म्हणून वेढ्यांमधून ती अडकल्याशिवाय निघते. साध्या सुईचं नेढं फुगीर असतं. बुलियन जमत नाही म्हणून जी रड असते, तिच्यात निम्मा दोष सुईचा असतो.

कापड धुणं आणि रंगाची परीक्षा

कापड आधी कोमट पाण्यात तासभर भिजवा, सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. हे टाळलंत तर भरतकाम झाल्यावरच्या पहिल्या धुण्यात कापड आटेल, दोरा आटणार नाही आणि प्रत्येक फुलाभोवती सुरकुत्या जमतील. त्या नंतर कशानेही जात नाहीत.

लाल आणि गडद जांभळा हे दोन रंग जाण्याची भीती सगळ्यात जास्त. वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात ठेवा आणि वर गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला तर ती लडी बदला. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो अशी समजूत आहे, पण आजच्या दोऱ्यांचे रंग मिठाने पक्के होत नाहीत. डाग न येईपर्यंत थंड पाण्यात खळबळून बघा, तरीही येत असेल तर ती लडी गुच्छात नको.

गुच्छाची आखणी

कागदावर आठ इंचांचं वर्तुळ काढा. खालच्या कडेपासून अडीच इंच वर, मध्यावर एक टिंब द्या. ही बांधणीची जागा. सगळे देठ याच टिंबातून जातात. डावीकडच्या फुलाचा देठ टिंबाखाली उजवीकडे निघतो आणि उजवीकडचा डावीकडे, हातात धरलेल्या खऱ्या जुडीत देठ एकमेकांना ओलांडतात तसेच. देठ टिंबाशी थांबवले आणि खाली सरळ रेघा मारल्या तर गुच्छ झाडूसारखा दिसतो.

फुलांची संख्या अशी ठेवा: सोनकी तीन (दोन समोरून, एक बाजूने), तेरडा तीन, गेंद सात, निळी आभाळी दोन, जांभळी मंजिरी तीन, सीतेची आसवं नऊ आणि कवळा चार. कवळा म्हणजे ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात ते पिवळं फूल. सोनकी मध्याच्या जरा खाली आणि डावीकडे बसवा, अगदी मधोमध नको. तेरडा तिच्या उजवीकडे. मंजिऱ्या आणि गेंद वर उंच जाऊ द्या, कारण त्यांचे देठ सडपातळ असतात आणि गुच्छाची वरची कड त्यांच्यामुळे मोकळी राहते. सीतेची आसवं तीन-तीनच्या जुडग्यात रिकाम्या जागी भरा. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिचं एखादं जांभळं फूल घालायचं असेल तर तेरड्याच्या मागे घाला, पण पहिल्या गुच्छात नको, गर्दी होते.

नमुना उतरवणं

फिकट कापडावर निळा कार्बन चालतो, पण तो जुना, वापरून फिका झालेला घ्या. नवा कोरा कार्बन हाताखाली घासून कापडभर निळा होतो. एकच नमुना पुन्हा पुन्हा काढायचा असेल तर खाका करा. ट्रेसिंग पेपरवर नमुना काढून रेघेवर सुईने दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडा, कागदाची खरखरीत बाजू वर ठेवा, घासलेटात कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने हलकेच फिरवा. बोळा पिळलेला हवा. ओला असेल तर टिंबांचे डाग होतात. घासलेट उडून जातं, वास दोन दिवसांत जातो.

पाण्याने जाणारा पेन वापरत असाल तर काम पूर्ण धुऊन होईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवायची नाही. उष्णतेने खूण कापडात पक्की बसते. आणि कशानेही काढलंत तरी फुलाच्या बारीक पाकळ्या रेखू नका. सोनकीला दोन वर्तुळं पुरतात, मंजिरीला मधली रेघ आणि गेंदाला टिंब. जास्त रेघा काढल्या की त्या झाकण्यासाठी नको तिथे टाके घालावे लागतात.

रिंग लावणं

आतल्या रिंगला मलमलची सुती पट्टी गुंडाळा. कापड घसरत नाही आणि रिंगचे वळ कमी उठतात. स्क्रू आवळताना कापड उभ्या-आडव्या धाग्यानेच ओढा, कोपऱ्याकडून तिरपं ओढलं की विणीचे चौकोन वाकडे होतात आणि रिंगमधून काढल्यावर गोल सोनकी अंडाकृती होते. बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे. रोज काम थांबवताना रिंग काढून ठेवा. पावसाळ्यात तर सुई कापडात टोचून ठेवूच नका, एका रात्रीत गंजाचा ठिपका येतो आणि तो धुऊन जात नाही.

दोरा घेताना अठरा इंचांचा घ्या. त्याहून लांब दोरा कापडातून इतक्या वेळा ये-जा करतो की शेवटी त्याचे तंतू उठतात आणि चमक मरते. सहा पदरांतले दोन एकदम ओढून काढू नका, गुंता होतो. एकेक पदर वर ओढून वेगळा करा आणि मग हवे तितके पुन्हा एकत्र जुळवा. असे जुळवलेले पदर कापडावर सपाट बसतात, मुळातला पीळ सुटलेला असतो. सुरुवातीला गाठ मारू नका. शेपूट मागे दोन इंच सोडा आणि नंतर तयार टाक्यांखाली ओवून टाका.

क्रम चुकवू नका

आधी देठ, मग पानं, मग सपाट फुलं (तेरडा, सोनकीच्या पाकळ्या, कवळा), त्यानंतर गाठींची फुलं आणि सगळ्यात शेवटी आभाळीचा झुपका. याला दोन कारणं आहेत. मागचं आधी भरलं की पुढचं त्याच्यावर स्वच्छ बसतं. आणि उठावाच्या टाक्यांवर रिंग आली की ते चेपतात, दोराही त्यांच्यात अडकत राहतो. गाठी आधी घालून मग देठ भरायला बसलं की दर चौथ्या टाक्याला दोरा गाठीत अडकतो, हा अनुभव कुणालाच चुकलेला नाही.

देठ

सोनकीचे देठ पर्ल कॉटनने, स्टेम स्टिचमध्ये. टाका चार मिलिमीटरचा, सुई प्रत्येक वेळी मागच्या टाक्याच्या मध्यावर वर येते आणि दोरा कायम एकाच बाजूला, म्हणजे सुईच्या खालच्या अंगाला राहतो. मधेच दोरा वरच्या अंगाला गेला की त्या जागी दोरीचा पीळ उलटतो आणि देठ मोडल्यासारखा दिसतो. वळणावर टाका दोन मिलिमीटरवर आणा, नाहीतर वळणाच्या जागी कोन पडतो.

तेरडा, कवळा आणि मंजिरीचे देठ दोन पदरी मध्यम हिरव्याने. गेंदाचे देठ पानं नसलेले, काडीसारखे सरळ असतात. ते एकाच पदराने, बारीक उलट्या टिपेत घाला. सीतेच्या आसवांचे देठ याहून नाजूक, तेही एकपदरीच, पण किंचित तपकिरी हिरव्याने. त्यासाठी पोपटीऐवजी काळपट हिरवा घ्या. देठांची ही जाडी-बारकाई जपली की गुच्छात खोली येते. सगळे देठ एकाच जाडीचे केले तर पुढे नाजूक फुलंही ढोबळ वाटतात.

टिंबापाशी देठ एकावर एक येतील. तिथे मागचे देठ टिंबाच्या अलीकडे तीन मिलिमीटरवर थांबवून पलीकडे पुन्हा सुरू करा. मधली जागा बांधणीखाली झाकली जाणार आहे, तिथे गठ्ठा कशाला करायचा?

पानं

सोनकीच्या पानांना फिशबोन टाका. टोकाशी मध्यरेषेवर पाच मिलिमीटरचा सरळ टाका घ्या, मग एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून तिरपे टाके घालत मध्यरेषा किंचित ओलांडून खाली उतरा. दोन्हीकडचे टाके मधे एकमेकांवर पडतात आणि पानाची शीर आपोआप तयार होते. टाके आडवे होत चालले तर थांबा. तिरपेपणा टिकवायचा तर कडेला सुई मागच्या टाक्याच्या अगदी लगत आणि मधे मात्र जरा जास्त खाली घालावी लागते. सुईत एक पदर पोपटी आणि एक मध्यम हिरवा असे मिसळून घेतले तर पान जिवंत दिसतं, निव्वळ एका रंगाचं पान चिकटवलेल्या कागदासारखं वाटतं.

कवळ्याची पानं संयुक्त, बारीक पानांच्या जोड्या असलेली. त्यांना तीन मिलिमीटरच्या सुट्या साखळ्या, समोरासमोर जोडीने.

तेरडा

गुच्छातलं सगळ्यात वेळखाऊ फूल हेच. आणि सगळ्यात देखणंही.

खाली दोन मोठ्या पाकळ्या, वर एक लहान आणि मागे वाकडी शेपटी, अशी त्याची ठेवण. मोठी पाकळी बारा मिलिमीटर घ्या. दोरा एकपदरी, रेशमी असेल तर बारा-चौदा इंचांहून लांब नको. रेशीम खरखरीत बोटांत अडकतं, त्यासाठी बसण्याआधी चमचाभर साखर आणि दोन थेंब खोबरेल तळहातांवर चोळून हात धुऊन टाका.

आधी प्रत्येक पाकळीत पेन्सिलीने चार-पाच दिशारेषा ओढा, सगळ्या फुलाच्या घशाकडे मिळणाऱ्या. मग पाकळीची कड फिकट गुलाबीने स्प्लिट स्टिचमध्ये (प्रत्येक टाका मागच्या टाक्याचा दोरा चिरत वर येतो) बांधून घ्या, टाका दोन मिलिमीटरचा. ही कड पुढच्या टाक्यांखाली झाकली जाते, पण तिच्यामुळे पाकळी किंचित उचललेली आणि काठ रेखीव राहतो.

पहिली ओळ फिकट गुलाबीची. सुई पाकळीच्या आतून वर काढा आणि बांधलेल्या कडेच्या पलीकडे, तिला खेटून खाली घाला. एक टाका सहा मिलिमीटरचा, पुढचा चारचा, असे लांब-आखूड. पाकळीच्या मधोमध सुरू करून आधी एका कडेला जा, मग दुसऱ्या. एका कडेकडून सुरुवात केली तर पलीकडे पोचेपर्यंत दिशा नक्की बिघडते.

दुसरी ओळ मध्यम गुलाबीची. इथे सुई पहिल्या ओळीच्या टाक्यांना चिरत वर येते, टोकाशी नाही, तर टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत. काही टाके जास्त आत, काही कमी. बहुतेकांचं इथेच बिघडतं. सगळ्या सुया एका रेषेत वर आल्या की फिकट पट्टा, मध्यम पट्टा, गडद पट्टा असे विटांचे थर दिसतात. असे थर पडलेच तर उसवू नका. फिकट दोऱ्याचे चार-पाच सुटे टाके वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात ओढा, सीमा पुसली जाते. तिसरी ओळ गडद गुलाबीची, घशाशी. इथे पाकळी अरुंद होते, म्हणून दर दोन टाक्यांमागे एक गाळा. सगळे भरत बसलात तर घशाशी ढिगारा होतो.

शेपटी एकपदरी स्टेम स्टिचने, एका झटक्यात वळवून. कळ्यांना मिलिनर सुईवर सहा-सात वेढ्यांचं बुलियन. वेढे सुईवर सैलसर ठेवा, सुई ओढताना डाव्या अंगठ्याने त्यांना धरा, आणि दोरा पूर्ण निघाल्यावरच सुईच्या दांड्याने वेढे चोळून सारखे करा. वेढे जास्त झाले तर बुलियन वाकतं, कमी झाले तर मधे उघडा दोरा दिसतो. दोन टोकांतलं अंतर आणि वेढ्यांची लांबी सारखी आली की ते सरळ बसतं.

सोनकी

बाहेरचं वर्तुळ अडीच सेंटिमीटरचं, आतलं सात मिलिमीटरचं. घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी आधी चार पाकळ्या भरा, मग प्रत्येक दोहोंच्या मधे दोन-दोन. अशा बारा पाकळ्या सारख्या अंतरावर येतात. एका बाजूने भरत गेलात तर शेवटची पाकळी नेहमी अर्धीच उरते.

एका पाकळीत पाच लांब टाके, दोन पदरी लिंबू पिवळे. मधला सगळ्यात लांब, बाजूचे किंचित आखूड. सुई टोकाकडून वर काढायची आणि मध्याकडे खाली घालायची. उलट केलं तर मध्याशी दाटी झालेल्या दोऱ्यांमधून सुई वर येताना त्यांना उसकटते. आतली टोकं वेडीवाकडी राहिली तरी काळजी नाही, त्यावर गाठी येणार आहेत. सगळ्या पाकळ्या झाल्या की प्रत्येकीच्या मुळाशी हळदी पिवळ्याचे एकपदरी दोन आखूड टाके. एवढ्याने फूल कापडावरून उठून वर येतं.

मधल्या चकतीला फ्रेंच नॉट. कडेला हळदी, मधे नारिंगी तपकिरी, दोन पदरी आणि एका वेढ्याच्या. गाठ घालताना डाव्या हाताने दोरा शेवटपर्यंत ताणून धरा आणि सुई निघाली त्याच भोकात परत घालू नका, कापडाचे एक-दोन धागे सोडून घाला. त्याच भोकात घातली की गाठ मागे निघून जाते. मोठी गाठ हवी असेल तर वेढे नव्हे, पदर वाढवा. तीन वेढ्यांची गाठ एका बाजूला लवंडते.

बाजूने दिसणाऱ्या सोनकीला चकतीऐवजी हिरवी वाटी काढा. सॅटिनचे सहा-सात उभे टाके पुरतात. पाकळ्या फक्त वरच्या अर्ध्यात, मधल्या लांब, कडेच्या तोकड्या.

कवळा आणि सीतेची आसवं

कवळ्याला आठ मिलिमीटरचा पंखा, काजाच्या टाक्याने. टाक्यांची गाठीची कड बाहेर, म्हणजे पाकळीला काठ मिळतो. दोरा लिंबू पिवळा, एकपदरी, टाके एकमेकांना खेटून. वर दोन लहान कान सॅटिनमध्ये आणि दोन लाल ठिपके. ठिपक्यांना गाठ नको, एकपदरी दोन-दोन आखूड टाके एकावर एक. गाठ घातली की ठिपक्याऐवजी डोळा दिसतो.

सीतेची आसवं पाच-सहा मिलिमीटरची. खालच्या ओठाला निळसर जांभळ्याचे पंख्यासारखे पाच टाके, वर दोन लहान उभे, आणि जिथे ते मिळतात तिथे पांढऱ्याची एकपदरी, एका वेढ्याची गाठ. बस. इतकं नाजूक नाव असलेलं हे झाड कीटकभक्षी आहे, मातीखालच्या बारीक पिशव्यांत जीव पकडतं, आणि त्याच्या देठाला पानं दिसत नाहीत. म्हणून कापडावरही त्याला पान देऊ नका.

गेंद आणि मंजिरी

गेंदाच्या जागी आधी पाच-सहा बारीक उलटसुलट टाक्यांची गादी करा, पांढऱ्यानेच. मग आठ मिलिमीटरच्या वर्तुळाच्या कडेने एकपदरी, एका वेढ्याच्या गाठी. आत दोन पदरी, दोन वेढ्यांच्या. त्यामुळे मध्य आपोआप फुगतो. खालच्या अंगाला सुईत एक पदर पांढरा आणि एक राखाडी घ्या. सावलीशिवाय पांढरा गोळा सपाट बटणासारखा राहतो. इथे कापडाची मागची बाजू तपासा. हिरव्या किंवा जांभळ्या दोऱ्याचं शेपूट गेंदाच्या मागून गेलं असेल तर ते पांढऱ्यातून दिसतं. एका गेंदावरून दुसऱ्यावर दोरा ओढत नेऊ नका, प्रत्येक वेळी तोडा.

मंजिरी तीन सेंटिमीटर उंच. ती तुळशीच्या कुळातली, तुळशीच्या मंजिरीची आठवण ठेवून भरा. मधल्या रेघेवर गडद जांभळ्याच्या गाठी खालून वर, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या. दोन्ही बाजूंना आभाळी जांभळ्याच्या शेपटीच्या गाठी, म्हणजे गाठ घातल्यावर सुई तिथेच न घालता चार मिलिमीटर बाहेर घालायची. त्या तिरप्या वर बघणाऱ्या हव्यात आणि त्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवा.

बांधणी

फुलवाल्या गजरा केळीच्या सोपटाने बांधतात. तोच रंग पर्ल कॉटनमध्ये शोधा: पिवळसर, वाळलेला. टिंबावर आठ मिलिमीटर रुंद जागेत आडवे सॅटिन टाके, किंचित तिरपे, एकमेकांना खेटून. वर दोन टाके उलट्या दिशेने तिरपे, सोपट दोनदा फिरवून खोचल्यासारखे. रिबिनीच्या बोपेक्षा हे या फुलांना जास्त जवळचं आहे.

धुणं, इस्त्री आणि शेवटचं काम

आभाळीचा झुपका सोडून सगळं झालं की आभाळीची खालची पुष्पपत्रं भरा. एकात एक अडकलेले फ्लाय स्टिच (इंग्रजी V सारखे टाके), एक पदर हिरवा आणि एक गडद जांभळा. मग झुपक्याचे फासे. दोरा निळसर जांभळा, दोन पदरी. सुई वरून कापडात घाला, शेपूट सहा मिलिमीटर वरच राहू द्या. लगत एक बारीक टाका घेऊन दोरा घट्ट ओढा, पुढच्या टाक्याला दोरा न ओढता पाच मिलिमीटरचा फासा सोडा, पुन्हा एक घट्ट टाका. घट्ट टाका फाशाला कुलूप लावतो. तो चुकला तर कापताना फासा हातात येतो. ओळी खालून वर, दोन मिलिमीटर अंतराने, चार ओळी. फासे अजून कापू नका.

आता गार पाण्यात सौम्य साबण घालून काम दहा मिनिटं बुडवा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्या. जाड टॉवेलची दुहेरी घडी घालून त्यावर भरतकाम उपडं ठेवा आणि मागून इस्त्री करा, म्हणजे गाठी टॉवेलात रुततात, चेपत नाहीत. रेशीम असेल तिथे इस्त्री मंद. रिंगचे वळ राहिले असतील तर त्या जागी पाण्याचा हात फिरवून पुन्हा इस्त्री.

रिंगमध्येच टांगायचं असेल तर कापड नीट ताणून कडेने दीड इंच सोडून गोल कापा, मागून दणकट दोऱ्याने धावदोरा घालून आवळा आणि मागे फेल्टची चकती शिवा. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, जांभळे आणि गुलाबी लवकर विटतात.

सगळं टांगण्याजोगं झाल्यावर बारीक टोकाची कात्री घ्या आणि आभाळीचे फासे वरून कापा. आधी सगळे एका उंचीवर, मग कडेचे किंचित आखूड, म्हणजे झुपका गोल होतो. सुईच्या टोकाने पदर विंचरून सुटे करा, कापलेला कचरा मऊ ब्रशने झटका. दोन फुलांना पंधरा मिनिटं पुरतात.